बचावाचे मोल: पुणेरी पलटणच्या एका हंगामाचे वाचन

चढाईपटूचे मूल्यमापन करणे तुलनेने सोपे असते. तो एकटा जातो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातो आणि तीस सेकंदांच्या आत परत येतो किंवा येत नाही. त्याने किती गडी टिपले हे पंच बोटांनी दाखवतात आणि गुणफलक ते लगेच मान्य करतो. बचावपटूचे तसे नाही. त्याने केलेली पकड दिसते, पण त्याच्यामुळे जी चढाई फुकट गेली ती कोणाच्या नावावर मांडायची, हा प्रश्न कबड्डीच्या कोणत्याही गुणपत्रिकेने अद्याप समाधानकारकपणे सोडवलेला नाही. आमच्या मते हा प्रश्न केवळ कबड्डीचा नाही. मूल्यमापन हा ज्यांच्या व्यवसायाचा भाग आहे अशा सर्वांचा, म्हणजे समीक्षकांचा, परीक्षकांचा आणि महाविद्यालयातील विभागप्रमुखांचाही, तो प्रश्न आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो ठेवण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि थेरगावात राहतो. डांगे चौकातून वाकडमार्गे मुळा ओलांडली की बालेवाडीचे क्रीडासंकुल येते, आणि प्रो कबड्डी लीगमधला 'पुणेरी पलटण' हा संघ त्याला आपले घर मानतो. लीगच्या दहाव्या हंगामातले काही सामने डिसेंबर २०२३ मध्ये तिथे झाले. त्या हंगामात पुणेरी पलटणने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि केवळ २ गमावले. उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे हरवले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून अवघे ५३ गुण झाले. हा आकडा बचावाच्या बाजूने बोलतो. त्या हंगामातील बचावपटूंची कामगिरी नेमकी कशी जोखावी, याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आलो आहोत. मधल्या दोन हंगामांनी या विचाराला अनपेक्षितपणे बरीच सामग्री पुरवली आहे.

प्रथम आकडे पाहू. दहाव्या हंगामातील सर्वोत्तम चढाईपटू दबंग दिल्लीचा आशू मलिक ठरला, त्याचे चढाईचे गुण २७६. सर्वोत्तम बचावपटू ठरला पुणेरी पलटणचा इराणी खेळाडू मोहम्मदरेझा शादलूई, त्याचे पकडीचे गुण ९९. म्हणजे आपापल्या कामात सर्वश्रेष्ठ ठरलेल्या दोघांच्या खात्यांत जवळजवळ तिप्पट अंतर. यावरून चढाई हे बचावाच्या तिप्पट मोलाचे काम आहे, असे कोणी म्हणणार नाही. फरक नोंदीच्या स्वरूपाचा आहे. चढाईपटू दर चढाईत काहीतरी मिळवू पाहतो. बचावपटू बहुतेक वेळ काहीतरी घडू नये यासाठी उभा असतो, आणि न घडलेल्या गोष्टीला रकाना नसतो.

आता खेळाचे व्याकरण थोडे तपासू. सात गड्यांचा बचाव अर्धवर्तुळात उभा राहतो. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक (ज्यांना आजकाल सगळेच 'कव्हर' म्हणतात), आणि उरलेल्या जागी बहुधा चढाईपटूच बचावाला उभे. पुणेरी पलटणच्या विजेत्या संघात डावा कोपरा शादलूईचा, उजवा गौरव खत्रीचा, डावे कव्हर संकेत सावंतचे आणि उजवे कव्हर अबिनेश नादराजनचे होते. कोपरारक्षकाचे हत्यार म्हणजे घोट्याची किंवा मांडीची पकड. कव्हरचे हत्यार म्हणजे डॅश, ब्लॉक आणि मागून येऊन मध्यरेषेचा रस्ता अडवणे. कोपरा पाय धरतो तेव्हा चढाईपटूचे उरलेले शरीर मध्यरेषेकडे झेपावत असते. तो हात रेषेला टेकण्याआधी त्याला अडवतो तो कव्हर. पण पकडीचा गुण साधारणतः तिची सुरुवात करणाऱ्या एकाच बचावपटूच्या खात्यावर जमा होतो. सामासिक शब्दातील दुसरे पद गाळून पहिल्या पदालाच संपूर्ण अर्थाचे श्रेय द्यावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरी बाब रिकाम्या चढाईची. चढाईपटू निदानरेषा ओलांडून गुणाविना सुखरूप परतला, तर ती चढाई रिकामी धरली जाते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक ठरते. तिच्यात गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद होतो. हा नियम आम्हांला अतिशय अर्थपूर्ण वाटतो. 'काही घडले नाही' या घटनेलाही मोल आहे, ते साठत जाते आणि दोनदा साठले की प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणते, हे खेळाच्या नियमांनी मान्य केले आहे. तरीही रिकामी चढाई मांडली जाते ती चढाईपटूच्या खात्यात. ज्या बचावाने ती रिकामी ठेवली त्याच्या कोणत्याही गड्याच्या नावापुढे काहीही लिहिले जात नाही. नियमाला जे कळते ते हिशेबाला कळत नाही, अशी ही स्थिती आहे.

कबड्डीच्या जुन्या प्रकारांची नावे अभ्यासकांना ठाऊक असतील: संजीवनी, गामिनी, अमर. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परतत नसे. अमरमध्ये बाद होऊनही तो मैदानातच राही, फक्त गुण मांडला जाई. आजची स्पर्धात्मक कबड्डी संजीवनीवर उभी आहे: आपण एक गडी टिपला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परततो. त्यामुळे बचावपटूची पकड दुहेरी काम करते. ती प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू बाहेर बसवते आणि आपला आत आणते. पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा खेळाडू, दहाव्या हंगामात सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. तो सन्मान त्याला शोभणाराच होता. परंतु बाद होऊन बाकावर बसलेल्या अस्लमला पुन्हा मैदानात आणले ते कोणीतरी केलेल्या पकडींनी. त्यानंतर त्याने मिळवलेल्या गुणांत त्या पकडींचाही वाटा आहे. हा वाटा मोजता येत नाही म्हणून तो नव्हताच असे मानणे समीक्षेला शोभणार नाही.

आमचा एक विद्यार्थी आपल्या मंडळाच्या संघात उजव्या कव्हरला खेळतो. दिवसा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर असतो, संध्याकाळी मॅटवर, आणि उरलेल्या वेळात आमच्या वर्गात. गावच्या जत्रेतल्या एका स्पर्धेत त्याचा संघ जिंकला आणि त्याच्या नावावर एकच पकड लागली. आम्ही सहज म्हणालो, "आज तुझा दिवस नव्हता वाटतं." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, त्यांचा चांगला रेडर डाव्या हातानं टिपतो. मी त्याला ती बाजू दिलीच नाही. तो दर वेळी आमच्या डाव्या कोपऱ्यावर गेला आणि तिथं मिळाला. पकडी त्याच्या, पण पाठवला मीच ना?" हे ऐकल्यावर त्याच्या पुढच्या सामन्यात आम्ही चढाईपटूकडे न पाहता केवळ त्याच्या पायांकडे पाहिले. अर्धे पाऊल पुढे, अर्धे मागे, साखळीतल्या जोडीदाराचा हात कधी घट्ट तर कधी सैल. चढाईपटूचा मार्ग त्या अर्ध्या पावलाने बदलत होता. ज्याला आपण कवितेचे बारकाईने केलेले वाचन म्हणतो, ते हेच: डोळा जिथे आपोआप जातो तिथून काढून, जिथे अर्थ घडतो तिथे नेऊन ठेवणे.

याच विद्यार्थ्याने कारखान्यातली एक गोष्ट सांगितली, तीही येथे उपयोगी आहे. त्याच्या विभागात तयार सुटे भाग तपासणारा एक ज्येष्ठ कामगार आहे. त्याने बाजूला काढलेल्या सदोष नगांची संख्या महिन्यामागून महिना घटत गेली. आता या घटीचे दोन अर्थ संभवतात. एक, तो ढिला पडला. दुसरा, दोष दिसताच तो यंत्रावरच्या माणसाकडे जाऊन तिथेच दुरुस्ती करून घेऊ लागला, त्यामुळे बाजूला काढण्याजोगे फारसे उरलेच नाही. रजिस्टरात दोन्ही शक्यता सारख्याच दिसतात. बचावपटूच्या बाबतीत हाच पेच अधिक तीव्र होतो. ज्या कोपऱ्याची दहशत बसते त्याच्याकडे चढाईपटू जाईनासे होतात. त्याच्या पकडी घटतात, आणि शेजारच्या नवख्याकडे गर्दी वाढून त्याच्या पकडीही वाढतात व चुकाही. केवळ गुणपत्रिका वाचणारा म्हणेल की नवखा वर चालला आहे आणि जुना उतरणीला लागला आहे.

मग शादलूईच्या ९९ गुणांचे काय करायचे? ते खोटे आहेत का? मुळीच नाही. दहशत असूनही त्याच्या कोपऱ्यात इतके चढाईपटू सापडले, यात त्याच्या झेपेचा, अंदाजाचा आणि प्रसंगी वाजवीपेक्षा आधी तुटून पडण्याच्या बेदरकारपणाचा वाटा मोठा आहे. पलटणने त्याला लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते, आणि ती रक्कम वाया गेली असे त्या मार्चमध्ये कोणीही म्हटले नसते. मात्र अंतिम सामन्यात पलटणकडून पकडीचे सर्वाधिक, म्हणजे ४ गुण मिळवले ते समोरच्या कोपऱ्यातल्या गौरव खत्रीने. हंगामभर एका कोपऱ्याने कमावलेली दहशत शेवटच्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्याच्या खात्यावर जमा झाली असेल का? खात्रीने सांगता येत नाही. पण हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याने तो हंगाम वाचला नाही, केवळ त्याची बेरीज केली, असे आम्ही म्हणू.

यापुढचे दोन हंगाम म्हणजे निसर्गाने करून दाखवलेला प्रयोगच. २०२४ च्या लिलावात शादलूई २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी आमच्या शेजारी बालेवाडीलाच झाला. त्यात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले, आणि शादलूई हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याच हंगामात पुणेरी पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. येथपर्यंत वाचणारा म्हणेल की माणूस गेला आणि वैभवही गेले, म्हणजे आकडाच खरा. पण त्या हंगामात अस्लमही दुखापतीने बाहेर गेला होता, हे विसरून चालत नाही. पुढे २०२५ मध्ये शादलूई २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला, आणि बाराव्या हंगामात गुजरातला पहिल्या आठांतही स्थान मिळाले नाही. उलट पुणेरी पलटण त्याच्याविना अंतिम फेरीत पोहोचली. खत्री आणि अबिनेश संघातच होते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीला झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असे हरवले. त्या दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता. हा दुसरा इराणी कोपरारक्षक २०२२ मध्ये पुणेरी पलटणकडून खेळला होता, आणि तेव्हाही पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हरली होती.

या चार हंगामांतून एकच एक निष्कर्ष काढू पाहणाऱ्याची निराशा होईल. एकटा श्रेष्ठ बचावपटू संघ तारतो म्हणावे, तर गुजरातचे काय? संघाची घडणच सर्वकाही म्हणावे, तर हरियाणाचे काय? आमचे वाचन असे की श्रेष्ठ बचावपटूचे मोल ही त्याच्या अंगची स्थिर राशी नसते. ते त्याच्या शेजाऱ्यांबरोबर ठरते. क्रियापद कितीही समर्थ असले तरी कर्ता आणि कर्म यांच्याशी त्याचा मेळ बसावा लागतो, तसे हे आहे. शादलूईची झेप फसली तर तिची भरपाई करणारा कव्हर शेजारी आहे की नाही, यावर ती झेप धाडस ठरते की उतावळेपणा, हे अवलंबून असते. दहाव्या हंगामात तसा आधार त्याच्या आसपास होता. म्हणून त्या हंगामाच्या आमच्या वाचनात पहिले नाव शादलूईचे असले, तरी सावंत आणि अबिनेश यांची नावे त्याच ओळीत येतात, पुढच्या ओळीत नाही. खत्रीचे मोल अधिक टिकाऊ स्वरूपाचे वाटते. शेजारी बदलले तरी त्याचा कोपरा संघाला पुन्हा अंतिम फेरीपर्यंत पुरला.

कबड्डीबाहेर पाहिले तरी चित्र असेच दिसते. थेरगावहून फार लांब नसलेल्या पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकी मैदान आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तिथे झाली होती. हॉकीत बचावपटूला कीर्ती मिळते ती बहुधा गोल केल्यामुळे! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १० गोल केले ते भारताच्या हरमनप्रीत सिंगने, आणि तो बचावपटू आहे. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू जाळ्यात धाडण्याचे त्याचे कौशल्य असामान्य आहे, यात वाद नाही. परंतु बचावपटू म्हणून त्याची जी कामगिरी आहे ती या दहाच्या आकड्यात कुठेच नाही. त्याच स्पर्धेत ४ ऑगस्ट रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास या बचावपटूला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला, सामना १-१ असा राखला आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. बंदीमुळे रोहिदास पुढच्या सामन्यात नव्हता, आणि जर्मनीने भारताला ३-२ असे हरवले. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी चेंडूच्या दिशेने सर्वांत आधी धाव घेणारा हा माणूस असता तर काय झाले असते, याची चर्चा बरेच दिवस चालली. असलेला बचावपटू गुणपत्रिकेत दिसत नाही आणि नसलेला मात्र सर्वांना दिसतो. तरीही त्याच्याशिवायची ती ४३ मिनिटे विसरू नयेत. उरलेल्यांनी त्याची जागा वाटून घेतली होती, आणि तीही बचावाचीच कामगिरी होती.

येथे एक आक्षेप अपरिहार्य आहे, आणि तो आम्हांला मोलाचा वाटतो. न दिसणाऱ्या कामाचे एवढे गुणगान केले तर काम न करणाऱ्यालाही त्याचा आडोसा मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण झाकलेली प्रत्येक मूठ भरलेली असतेच असे नाही. एक पकड करणारा कव्हर कुशल असू शकतो, तसा केवळ उभा राहणाराही असू शकतो. आकड्यांवर अविश्वास दाखवून आपण मर्जीला मोकळे रान देणार का? मराठी समीक्षेत 'जाणवते पण सांगता येत नाही' या वाक्याखाली काय काय खपवले गेले, हे या लेखाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून निकष हवेत, आणि ते पडताळता येणारे हवेत. आम्हांला तीन सुचतात. पहिला, फसलेल्या प्रयत्नांचा. बचावपटूने किती पकडी केल्या यासोबत किती फसल्या हेही पाहावे, कारण फसलेली प्रत्येक पकड प्रतिस्पर्ध्याला गुण देऊन जाते. दुसरा, मार्गाचा. तो गडी मैदानात असताना चढाईपटू कुठून आत येतात व कुठे अडकतात, आणि तो बाद असताना काय करतात, याची तुलना करावी. केवळ उभा राहणारा कव्हर या तुलनेत उघडा पडतो, कारण त्याच्या असण्यानसण्याने चढाईपटूचा मार्ग बदलत नाही. तिसरा निकष प्रसंगाचा. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एक जादा गुण मिळतो. संकटातल्या कृतीचे मोल अधिक, हे तत्त्व नियमाने येथे मान्य केले आहे. सामना हातून निसटत असताना केलेली साधी पकडही त्याच दृष्टीने पाहिली जावी. या तीनही निकषांसाठी सामना पाहावा लागतो. पण दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहिला तर त्यांच्या नोंदी ताडून बघता येतात. येथे मर्जी पूर्णपणे संपत नाही. तिला पुरावा द्यावा लागतो, एवढेच.

साहित्याच्या क्षेत्रातले बचावपटू म्हणजे संपादक. 'सत्यकथा'चे संपादन करणाऱ्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावे आपण आदराने घेतो. पण त्यांच्या कामाचा पुरावा छापील पानांवर शोधू गेल्यास फारसा हाती लागत नाही. कथा लेखकाच्या नावावर असते. तिच्यातून काढून टाकलेला परिच्छेद, परत पाठवलेला पहिला खर्डा, बदललेला शेवट यांना रकाना नाही. मार्गाचा निकष येथेही लागू पडतो: एखाद्या लेखकाचे चांगल्या संपादकाच्या हाताखालचे लेखन आणि त्यानंतरचे लेखन शेजारी ठेवून वाचावे. मराठी साहित्याच्या इतिहासात अशा वाचनाला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असे आम्हांला वाटते. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हा विषय अवश्य हाती घ्यावा.

आता या लेखाच्या खऱ्या निमित्ताकडे येतो. आमच्यापैकी एकाकडे विभागप्रमुखपद आहे, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या दोन सहकाऱ्यांविषयी अभिप्राय लिहिण्याचे काम आम्हां दोघांकडे आले आहे. पुढच्या वर्षी दोघांपैकी एकालाच तास मिळतील एवढाच कार्यभार उरणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने 'एपीआय' नावाची गुणपद्धती आपल्या व्यवसायात आणली. २०१८ च्या नियमावलीने ती बरीच सैल केली. तरी तिच्यात अध्यापनाची प्रतवारी नेमून दिलेल्या तासांच्या टक्केवारीवर बेतलेली आहे: ८० टक्के किंवा अधिक घेतले तर चांगले, ७० ते ८० टक्के घेतले तर समाधानकारक. हे नियम कायम अध्यापकांसाठी असले, तरी त्यांची सवय सगळीकडच्या छापील नमुन्यांना लागली आहे. तास किती, शोधनिबंध किती, प्रमाणपत्रे किती.

आमच्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाच्या खात्यावर या सगळ्याची चांगली संख्या आहे, आणि ती प्रामाणिक कष्टाची आहे. दुसरीच्या खात्यावर नेमलेले तास आहेत, आणि बाकी फारसे काही नाही. पण या पट्ट्यात दिवाळीनंतर वर्ग रिकामे होऊ लागतात. मुले भोसरी-चाकणकडे कंत्राटी कामाला लागतात, रात्रपाळी करतात आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. ही बाई नोव्हेंबरपासून एकेकाला फोन करते, पाळी कोणती ते विचारते, सुट्टीच्या वारी टिपणे देते, अर्जाची मुदत कळवते. वर उल्लेख केलेला कव्हर आज आमच्या वर्गात आहे तो यामुळेच. न गळालेल्या विद्यार्थ्याला रकाना नाही.

म्हणून आम्ही आमचेच तीन निकष दोघांनाही लावले. दोघांचे फसलेले प्रयत्न पाहिले. ते दोघांकडेही आहेत. दोघांच्या वर्गांतली प्रथम सत्राची आणि द्वितीय सत्राची हजेरीपत्रके शेजारी ठेवली. परीक्षेच्या तोंडावर कोण कोणासाठी उपलब्ध होते हे विद्यार्थ्यांना विचारले. आम्ही दोघांनी हे स्वतंत्रपणे केले आणि नंतर नोंदी ताडल्या. काही ठिकाणी त्या जुळल्या नाहीत, तिथे पुन्हा विचारले. पहिल्या सहकाऱ्याचे मोल यात जराही कमी झाले नाही. दहाव्या हंगामातल्या ९९ या आकड्याप्रमाणेच त्याची संख्याही खरी आहे. परंतु ज्या वर्गांना त्या बाई शिकवतात त्या वर्गांत द्वितीय सत्रातही मुले बसलेली असतात, हेही आता केवळ आमचे मत राहिलेले नाही.

निर्णय आमच्या हाती नाही, केवळ अभिप्राय आहे. नमुन्यात अभिप्रायासाठी चार ओळींची जागा सोडलेली आहे. तिच्यात आम्ही 'सोबतचा कागद पाहावा' एवढे लिहिले, आणि हजेरीच्या दोन सत्रांचा तक्ता दोघांच्याही नावांसह जोडला.